मनगट, कोपर आणि कळफलक

टंकलेखनाचा वर्ग ही एके काळी गिरगाव-दादरच्या मराठी घरांतून कचेरीकडे जाणारी पहिली पायरी होती. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकयंत्र बाजारात आणले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. यंत्र गेले, पण कळफलक राहिला. आज तो आपल्यापैकी अनेकांच्या मांडीवर, गादीवर नाहीतर पोटमाळ्यावर असतो. त्यावर हात कसे ठेवावेत, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

प्रथम हाताची रचना पाहू. बोटे हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांकडे जातात. मनगटाची हाडे व त्यांवरून गेलेला एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वर किंवा खाली वाकवले की या बोगद्यातला दाब वाढतो. क्षणभर वाकवल्याने काही बिघडत नाही. तासन्‌तास तसेच राहिले, तर हात भरून येतो, बोटांना मुंग्या येतात.

म्हणून मुख्य नियम एकच: कळफलक कोपराच्या पातळीला असावा. खांदे सैल, कोपर अंगालगत व साधारण काटकोनात, आणि तेथून बोटांच्या मुळापर्यंत हात सरळ. कळफलकाचे मागचे पाय उभे केले की मनगट वर वाकते. ते मिटलेलेच बरे. टायपिंगच्या वर्गात मनगटे अधांतरी ठेवायला सांगत, तेही योग्यच होते. शिवाय टंकयंत्रावर ओळ संपली की गाडी सरकवण्यासाठी हात उचलावाच लागे. ती सक्तीची विश्रांती संगणकाने काढून घेतली. आता ती आपणच आठवणीने घेतली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत टेबल-खुर्ची मांडायची कोठे? शंका रास्त आहे. त्यातून लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उचलले जातात. हात सांभाळावेत तर मान वाकते. यावर उपाय म्हणजे एक साधा, वेगळा कळफलक. लॅपटॉप ट्रंकेवर किंवा जाड पुस्तकांवर ठेवावा. मांडी घालून ताठ बसल्यावर कोपर जमिनीपासून साधारण वीतभर उंच येते. कळफलकासाठी तेवढ्या उंचीचा चौरंग पुरे. जेवणाचा पाट त्यासाठी फार बुटका. पण टेबल उंच असेल तर तोच पाट कामी येतो: बसायला चादरीची जाड घडी घ्यावी आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट सारावा.

कामाने शरीर झिजते, हे परळ-लालबागला नव्याने सांगायला नको. मागांच्या खडखडाटाने गिरणी कामगारांचे कान गेले, कापसाच्या धुळीने छाती. याच परळमध्ये, के. ई. एम. रुग्णालयात, १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू केली. माणसाला कामाजोगे करावे, तसेच कामही माणसाजोगे करावे, अशी या शास्त्राची शिकवण आहे.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आम्हा मुलामुलींचे पोट उद्या बहुधा याच दहा बोटांवर चालणार आहे. तेव्हा मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहिला, तर दुखणे अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे. मागाची उंची ठरवणे गिरणी कामगाराच्या हाती नव्हते. कळफलकाची उंची आपल्या हाती आहे.