हौद्यातील पहाट

कुस्तीचे मैदान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हलगी कडाडते, दोन मल्ल आखाड्यात उतरतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात, हाताला हात भिडतो आणि पाहता पाहता एकाची पाठ जमिनीला लागते. सारा प्रकार कधी कधी दोन-तीन मिनिटांतच आटोपतो. मग विजयी मल्लाच्या डोक्यावर फेटा चढतो, लोक त्याला खांद्यावर घेतात आणि गर्दी पुढच्या जोडीकडे वळते. त्या दोन-तीन मिनिटांच्या मागे किती महिने उभे असतात, ते मैदानाच्या कडेला बसून कळत नाही. ते एकदा जवळून पाहावे, अशी इच्छा माझ्या मनात फार दिवस घर करून होती.

आश्विन महिन्यात कराडला मामांकडे जाण्याचा योग आला आणि ती इच्छा पूर्ण झाली. आमच्या सातारा-सांगलीकडे पावसाळ्यात मैदाने सहसा भरत नाहीत. उघड्या आखाड्याचा चिखल होतो आणि शेतकऱ्याला पेरणी-भांगलणीतून सवड नसते. दिवाळी सरली, सुगीचे धान्य घरात आले, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि माघापासून वैशाखापर्यंत कुस्त्यांना भर येतो. म्हणून आषाढ ते आश्विन हा काळ मल्लांचा मेहनतीचा काळ. या दिवसांत प्रेक्षक नसतात, फेटे नसतात, हलगीही नसते.

पहाटे साडेचारला मामांनी मला उठवले. सोमवार पेठेतून आम्ही निघालो, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, त्या प्रीतिसंगमाकडून गार वारा येत होता. तालमीचे दार इतके ठेंगणे होते, की मला चांगलेच वाकावे लागले. "कितीही मोठा पैलवान असो, आत येताना मान खाली घालूनच येतो," मामा हसून म्हणाले.

आत कोनाड्यात मारुतीची मूर्ती, तिच्यापुढे मिणमिणता दिवा, भिंतीशी टेकून ठेवलेली मुद्गले, आणि मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीला एक निराळाच वास होता. विचारले, तेव्हा कळले की ती नुसती माती नव्हे. चाळून बारीक केलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती मुरवतात. त्यामुळे ती मऊ राहते, अंगाला चिकटत नाही, आणि खरचटले तरी जखम चिघळत नाही, असा जुन्या मंडळींचा अनुभव आहे. चार-पाच मुले फावड्यांनी हौदा खणून माती वरखाली करीत होती. ही चाकरी असावी असे मला प्रथम वाटले. परंतु थोड्याच वेळात त्यांच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहू लागले, तेव्हा हाही व्यायामच आहे हे माझ्या ध्यानात आले.

वस्ताद आले, तशी सर्वांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वय सत्तरीच्या पुढचे, अंगात पांढरा सदरा, एक कान मुडपून गाठीसारखा झालेला. मातीत आयुष्य घालवलेल्या मल्लाची ती खूणच होय. त्यांनी नुसती मान हलविली आणि जोर सुरू झाले. हात जमिनीला टेकून शरीर सापासारखे पुढे सरकवायचे आणि पुन्हा मागे आणायचे, हा जोर. त्याने छाती, खांदे आणि दंड तयार होतात. बैठकांनी मांड्या आणि पोटऱ्या कसल्या जातात, आणि दमही वाढतो. एका थोराड मल्लाने त्या पहाटे पाचशे बैठका मारल्या. कोपऱ्यात उभे राहून मीही जोर काढून पाहिले. पाच कसेबसे निघाले. सहाव्याला हात असे थरथरू लागले, की शेजारचा एक चिमुरडा तोंड फिरवून हसला.

मला अधिक नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. जोड्या लावल्यावर आता झटापट पाहायला मिळेल, या आशेने मी सरसावून बसलो. पण वस्तादांनी एकच डाव सांगितला, ढाक. प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या काखेत घट्ट धरायचा, दुसरा हात त्याच्या मानेभोवती टाकायचा, गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली आणायची आणि त्याला कमरेवरून पलीकडे फेकायचे. जड ओंडका पहारीने उलथताना खाली दगड ठेवतात ना, तेच काम इथे कंबर करते. म्हणूनच हलका मल्लही भारी मल्लाला उचलू शकतो. मात्र वळण्याचा क्षण चुकला, तर फेकणाराच खाली येतो. हा एकच डाव प्रत्येक जोडीने वीस वेळा केला. एकविसाव्या वेळी वस्ताद म्हणाले, "पाय मागं ऱ्हायला. परत."

हौद्याच्या एका कडेला बारा वर्षांचा एक मुलगा एकटाच डोके मातीत टेकवून, पाठीची कमान करून मानेवर झुलत होता. तो कृष्णेपलीकडच्या एका खेड्यातून अंधारात सायकल मारीत येई आणि मेहनत झाल्यावर तसाच शाळेत जाई. त्याचे वडील शेतमजूर. घरात एकच म्हैस. तिचे दूध डेअरीला जाई आणि त्यातले एक भांडे आई याच्यासाठी मागे ठेवी. बदाम, तूप, खारीक हा पैलवानाचा खुराक त्याने दुसऱ्यांच्या ताटातच पाहिला होता. गेल्या चैत्रात गावच्या जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्तीत तो आडवातिडवा पडला आणि त्याची मान दुखावली. पंधरा दिवस ती वळत नव्हती. तेव्हा वडिलांनी बजावले होते, "पुन्हा असं झालं, तर तालीम बंद." आणि वस्तादांनीही सांगून टाकले होते, की मान तयार झाल्याबिगर याची जोड लागणार नाही. दिवाळीनंतरच्या जत्रेत आपले नाव पुकारले जावे, एवढा एकच ध्यास त्या मुलाला लागला होता.

तीन महिने तो काय शिकत होता? पडायला शिकत होता! हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात मोकळा. डोके मातीला लागता कामा नये. मी गेलो त्या दिवशी त्याची परीक्षा होती. त्याच्याहून मोठ्या मुलाने त्याला ढाकेवर दहा वेळा फेकायचे आणि त्याने दहाही वेळा नीट पडायचे. सहा वेळा तो चेंडूसारखा पडला आणि उठला. सातव्या खेपेला मात्र त्याचे डोके मागे राहिले. थप्प असा आवाज झाला आणि साऱ्या तालमीत स्तब्धता पसरली. मुलगा झटकन उठला. "काय झालं न्हाई, वस्ताद!" तो म्हणाला. वस्तादांनी त्याची मान बोटांनी चाचपून पाहिली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि म्हणाले, "आज बास."

मुलाच्या डोळ्यांत पाणी तरळले. वस्तादांनी त्याला जवळ कट्ट्यावर बसवून घेतले. समजूत घालावी असे ते काही बोलले नाहीत. त्यांनी एक हकीकत सांगितली. ती मामांनी शंभर वेळा ऐकली असावी, तरी तेही पुढे सरकून बसले.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. त्यांनीच मुलाला लहानपणी मातीत उतरविले. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. ठेंगणे, चपळ, आणि ढाक मारण्यात मोठे पटाईत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना साहाय्य केले. तेथे गेल्यावर पायाखाली माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रुततो, धरलेली पकड टिकते. गादीवर सारे वेगाने घडते. मातीच्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत लढायचे, तर तिथे वेळेचे बंधन आणि गुणांचा हिशेब. अशा परक्या नियमांच्या लढतीत बावीस वर्षांचा हा तरुण सहावा आला.

"सहावा आला, तवा त्यो रडत बसला असंल?" वस्तादांनी विचारले. मुलगा गप्प राहिला.

खाशाबांनी पुढची चार वर्षे मेहनतीत घातली. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा गुरू! हेलसिंकीत ५७ किलो वजनाच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. मग जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ते हरले. पुढची लढत सोव्हिएत संघाच्या मल्लाशी होती. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता आणि थकल्या अंगाने त्यांना पुन्हा उभे राहावे लागले, असे सांगतात. तीही लढत गेली. तरीसुद्धा कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर असे दुसरे पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीत तर २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.

ते परतले, तेव्हा कराडकरांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना गोळेश्वरला नेले. पण मला आवडते ती त्यापुढची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्या मैदानांतून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पुढे ते पोलीस खात्यात दाखल झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. हा उशीर कोणाला भूषणावह वाटेल असे मला वाटत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पुन्हा तालमीत गेलो. शेजारच्या दालनात गादी अंथरलेली होती आणि तिच्यावर मुलींचा सराव चालला होता. माझ्या लहानपणी तालमीच्या उंबऱ्याशीही मुली दिसत नसत. आता त्या पट काढून एकमेकींना खाली खेचत होत्या, आणि वस्ताद त्यांनाही तेच सांगत होते, "पाय मागं ऱ्हायला. परत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मला परतायचे होते. तरी पहाटे पाय आपोआप तालमीकडे वळले. दार उघडे होते. आत तो मुलगा सर्वांच्या आधी येऊन फावड्याने हौदा खणत होता. माती भुसभुशीत झाल्यावर त्याने जोर काढले, मान झुलविली, आणि वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला. पुन्हा मान चाचपून झाली. वस्तादांनी मोठ्या मुलाला खूण केली.

एक, दोन, तीन. मी श्वास रोखून मोजत होतो. सातव्या फेकीला त्याची हनुवटी छातीला अशी घट्ट चिकटली होती, की डोके मातीपासून वीतभर वरच राहिले. आठ, नऊ, दहा! तो उठला. केसांत माती, कानांत माती, आणि चेहऱ्यावर हसू मावेना. तो वस्तादांकडे पाहत राहिला.

वस्तादांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

"उद्या बारा," ते म्हणाले.