सूर्याची वीज आणि गावाचा भरवसा

हरसूलच्या आठवडे बाजारात आम्ही बरीच वर्षे कापड विकत आलो आहोत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील या बाजारात आमचे गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या पाड्यांवरचे आदिवासी शेतकरी आणि मजूर. काही वर्षांपूर्वी कापडाबरोबर आम्ही सौर कंदीलही ठेवले. पहिला माल हातोहात खपला. दोन पावसाळे गेले आणि कंदील परत येऊ लागले. सौर पॅनल वीस-पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी थोड्याच वर्षांत दम सोडते, हे आम्ही सांगितले नव्हते. आम्हालाच ठाऊक नव्हते. कंपनीने हात वर केले. दुरुस्तीसाठी नाशिक गाठायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी जाते. गिऱ्हाईक भांडले नाही. ते लुगडीसुद्धा दुसऱ्या दुकानातून घेऊ लागले.

गरीब माणूस अडाणी असतो म्हणून नवी वस्तू नाकारतो, हा समज चुकीचा आहे. ज्याच्याजवळ एकच दिवसाची मजुरी आहे, तो ती दोनदा बुडू देत नाही. सौर ऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पांनाही हाच हिशेब लागू आहे. दोन उदाहरणे पाहू.

धुळे जिल्ह्यातील विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला फार अपुरा मिळाला, ही त्यांची तक्रार होती. दाद मागत फिरून अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला ते मरण पावले. त्यांचे भांडण सूर्याच्या विजेशी नव्हते, व्यवहाराशी होते.

याउलट पुणे जिल्ह्यातील दरेवाडी हा डोंगरातील लहानसा आदिवासी पाडा. २०१२ साली तेथे छोटे सौर वीजकेंद्र उभे राहिले. घरोघर मीटर बसले, गावाने आपला न्यास केला आणि वीजबिलाची वसुली त्याच्याकडे आली. देखभालीचा पैसा गावातच जमला. आपले म्हटल्यावर माणूस वस्तू जपतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) आधी विचारणे. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक आहे. सही घेणे म्हणजे विचारणे नव्हे.

२) हिशेब उघडा ठेवणे. जमीन कोणाची, भाडे किती, वीज कोणाला, हे सर्वांसमोर सांगावे.

३) दुरुस्ती जवळ असणे. येथे आमच्या कारागीर बांधवांना रोजगार आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला किमतीचा ५ टक्के, इतरांना १० टक्के हिस्सा भरावा लागतो व दुरुस्तीची हमी ५ वर्षांची असते. त्यानंतर पंप कोण पाहणार? गावचा वायरमन, मोटार बांधणारा, वेल्डर. त्यांनी हे काम आताच शिकून घ्यावे.

आम्ही जुन्या कंदिलांच्या बॅटऱ्या पदरमोड करून बदलून दिल्या. काही गिऱ्हाईके परतली, काही नाही. आता कंदील विकताना बॅटरीचे आयुष्य आणि नव्या बॅटरीची किंमत आम्ही आधी सांगतो. विक्री थोडी कमी होते, पण तक्रार घेऊन येणारा माणूस आमच्याच दुकानात येतो.