गरोदरपणातला रक्तदाब : लागणीचा रोग खोडव्यात दिसतो



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि हुमणी यांवर लिहितो. आज विषय घरातला आहे. लागणीच्या नोंदी घेताना वाळवा तालुक्यातल्या एका सभासदाकडे बसलो होतो. घरच्या बाई पन्नाशीच्या. चहा उतू गेला तरी लक्ष नाही. "हल्ली काही ध्यानातच राहत नाही बघा," म्हणाल्या. बोलता बोलता कळले, थोरल्याच्या वेळी त्यांना आकडी आली होती आणि रातोरात मिरजेला न्यावे लागले होते. त्यानंतर तीस वर्षांत बी.पी. किती वेळा मोजले? एकदाही नाही. दोन्हींचा संबंध असेलच असे आम्ही म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण हे "एकदाही नाही" आमच्या मनातून जाईना.

उसात एक रोग असा आहे की लागणीच्या पिकात तो ओळखू येत नाही आणि खोडव्यात वाढ खुंटवतो. हे दुखणेही तसेच आहे. पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे 20 आठवड्यांपुढे, रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने उतरू लागली, तर डॉक्टर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंडावर सूज येते, बरगडीखाली दुखते. कधी कधी काहीच जाणवत नाही, म्हणून तर मोजायचे. 160/110 झाले तर थांबायचे नाही, त्याच घटकेला दवाखाना. झटके आले की आपल्याकडे अजून काही घरांत बाहेरचे बघतात. त्यात गेलेला तास परत मिळत नाही. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे. 33 देशांतल्या दहा हजारांवर बायकांची पाहणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्यावर आला, असे त्यात दिसले.

बाळंतपण झाले की सगळे संपले, असे आपण धरतो. तिथेच चूक होते. ठिबकच्या नळीत दाब जास्त सोडला तर मोठा पाइप टिकतो, बारीक नळ्या आणि जोड आधी गळतात. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे थोडेफार असेच आहे. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगेन येथील डॉक्टरांनी झटके येऊन गेलेल्या बायकांच्या मेंदूचे एमआरआय काही वर्षांनी काढले, तेव्हा अनेकींच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक डाग आढळले. डेन्मार्कमध्ये 1978 ते 2015 या काळातल्या सुमारे पावणेबारा लाख बायकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना हा त्रास झाला होता, त्यांच्यात रक्तवाहिन्या बिघडून येणारा स्मृतिभ्रंश पुढे तिपटीहून अधिक आढळला. घाबरून जाऊ नका. मुळात हे दुखणे फार थोड्यांना होते, त्यामुळे तिप्पट म्हणजेही थोड्याच बायका. पण कायमचा रक्तदाब आणि पक्षाघात यांचाही धोका अशा बाईला जास्त असतो, आणि ते काही दुर्मिळ नाही.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या शेजारी बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत 2014 ते 2016 या काळात तिथल्या जे. एन. मेडिकल कॉलेजने मोठा प्रयोग केला. आशाताई घरोघर जाऊन गरोदर बायकांचा रक्तदाब मोजत. मोबाइल त्यांना सांगे की हिला दवाखान्यात पाठवा. एकूण आकड्यांत फारसा फरक पडला नाही, हे खरे आहे. पण भारत, पाकिस्तान व मोझांबिक या तिन्ही देशांचा हिशोब एकत्र केला, तेव्हा आठ किंवा अधिक वेळा तपासणी झालेल्या बायका आणि त्यांची बाळे अधिक सुखरूप निघाली. एकच पाणी देऊन ऊस येत नाही, तसेच हे.

आता करायचे काय? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ही योजना 2016 पासून आहे. पहिल्या खेपेला त्रास झाला असेल तर दुसऱ्या खेपेला दिवस गेल्या-गेल्या डॉक्टरांना सांगा. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन ते देऊ शकतात. ती मनाने घेऊ नये. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात दाब पुन्हा चढतो, म्हणून घरी आल्यावरही मोजा. पुढे वर्षातून एकदा, जन्मभर. बाईचे जुने डिस्चार्ज कार्ड शेअर्सच्या दाखल्याशेजारी ठेवा. सातबारा आपण तीस वर्षे जपतो, हा कागद मात्र चुलीत जातो.

एक राहिले. हंगामात बीडकडून, तसेच जत, माणकडून टोळ्या येतात. कोयत्याबरोबर आलेली बाई सात-आठ महिन्यांची असते आणि तिचे कार्ड गावाकडे राहते. गावचे कार्ड नसले तरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची तपासणी होते. आपल्या फडात अशी कोणी असेल तर आशाताईंना निरोप द्या, आणि 9 तारखेला तिला तोडीतून सुट्टी द्यायला मुकादमाला सांगा.