जुनी फायबरची होडी : डागडुजी, बदल आणि जबाबदारी

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, गिरणा, चणकापूर ही धरणांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. या पाण्यावर मासेमारी चालते, पिंजऱ्यातील मत्स्यपालन होऊ शकते आणि गंगापूरच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लबही आहे. दुसरीकडे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून पालघरच्या सातपाटीपर्यंत कोळी व दालदी बांधवांच्या कित्येक जुन्या फायबरच्या होड्या किनाऱ्यावर पडून असतात. अशी एखादी होडी स्वस्तात घ्यावी, ट्रकवर टाकून घाट चढवावी, अंबड-सातपूरच्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावी आणि धरणावर लावावी, असा विचार होतकरू तरुणाच्या मनात येणे साहजिक आहे. विचार चांगला आहे. मात्र त्यातील निम्मे कामच लोकांच्या ध्यानात येते. उरलेल्या निम्म्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून या लेखात आम्ही दोन्हींची माहिती देत आहोत.

होडीची पारख

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे एकावर एक बसवलेले थर. हा माल लाकडासारखा कुजत नाही, म्हणून लोक त्याला अमर समजतात. पण थर एकमेकांपासून सुटले की वरून धडधाकट दिसणारी होडी आतून पोकळ झालेली असते. खरेदीला जायचे तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जावे. त्या वेळी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तळ नीट पाहता येतो.

लाकडी हातोडीने सबंध तळ वीतभर अंतराने ठोकून पाहावा. टणक आवाज आला तर थर शाबूत आहेत, बद्द आवाज आला तर तेथे थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. त्या जागेभोवती खडूने खूण करावी. खुणांनी निम्मा तळ भरला तर सौदा सोडून द्यावा. इंजिन टांगण्याची मागची फळी बहुधा प्लायवूडवर फायबर चढवून केलेली असते. तिला लोंबकळून वरखाली जोर द्यावा. ती हलली किंवा बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी झिरपले, तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे. ते सारे काढून आय.एस. ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड बसवावे लागते. हा खर्च किंमत ठरवतानाच वजा करावा.

आणताना ट्रकसह होडीचे वजन काट्यावर करून ती पावती जपून ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

डागडुजी कधी व कशी

घाई येथे नडते. पावसाळ्यात आणलेली होडी छपराखाली पालथी ठेवून थंडी संपेपर्यंत वाळू द्यावी. मग पुन्हा काट्यावर वजन करावे. फरक दिसला तर तेवढे पाणी तिच्या पोटात होते. वजन घटायचे थांबले की होडी कामाला तयार झाली. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत रेझिन नीट धरत नाही, एप्रिल-मेच्या दुपारी ते डब्यातच घट्ट होते आणि पावसाळ्यात दमट हवा थर बिघडवते. फेब्रुवारी-मार्चमधील सकाळचे तास सर्वांत चांगले.

भेगेवर नुसता थर चिकटवू नये. खराब भाग घासून काढून कडा उतरती करावी. जाडीच्या बारापट रुंद उतार हवा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला चारही बाजूंनी ६० मिलिमीटर. मग ॲसिटोनने पुसून मॅट व रोव्हिंग यांचे थर आलटून पालटून द्यावेत. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन लागते, रोव्हिंगला साधारण वजनाइतके. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती नव्हे. काचेविना रेझिन ठिसूळ असते. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर पुरतो.

एक सूचना कारागिराने भिंतीवर लिहून ठेवावी. हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होतो. शक्यतो कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन घ्यावे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा हवाच. घासताना मास्कही हवा.

गोड्या पाण्याचा गैरसमज

समुद्रातली होडी धरणात आली म्हणजे ती सुखी झाली, असे अनेकांना वाटते. इंजिनाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण मिठाचा गंज थांबतो. फायबरचे मात्र उलट आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी जेलकोटमधून अधिक सहज आत शिरते आणि तळाला फोड येतात. म्हणून पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत.

दुसरा फरक तरंगण्याचा. समुद्राचे एक घनमीटर पाणी सुमारे १०२५ किलो भरते, गोडे पाणी १००० किलो. म्हणजे समुद्रात दोन टन वजन पेलणारी होडी त्याच खुणेपर्यंत बुडताना धरणात सुमारे ५० किलो कमी पेलते. तांडेलाने सांगितलेला आकडा येथे जसाच्या तसा चालणार नाही.

खरा प्रश्न : वजन कोठे आहे ?

मासेमारीच्या होडीत जाळे, बर्फ आणि मासळी तळाशी असते. वजन खाली, म्हणून होडी स्थिर. तीच होडी प्रवासी केली की वजन बाकावर चढते, आणि माणूस उभा राहिला की आणखी वर जाते. शिवाय मासळी जागची हलत नाही, माणसे हलतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडीच्या जलाशयात दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण दगावले. ७ मे २०२३ रोजी केरळमध्येच तानूर येथे बोट उलटून २२ जण बुडाले, त्यांत अनेक मुले होती. ती बोट मुळात मासेमारीची होती आणि बदल करून प्रवासी केलेली होती, हे नंतर उघड झाले. क्षमतेपेक्षा अधिक माणसेही तिच्यात होती.

यावरून काही नियम आपोआप निघतात. वरचा मजला कदापि करू नये. बाक ठेंगणे व पक्के असावेत. छप्पर हवेच असेल तर हलक्या कापडाचे असावे.

होडीत पाणी भरले तरी ती बुडू नये, यासाठी बंद फोम भरावा. समजा फायबरचे वजन ३०० किलो आहे. ते पाण्याच्या सुमारे दीडपट जड, म्हणून पाण्याखाली त्याचा भार १०० किलो उरतो. इंजिनाचे धरून १३० ते १४० किलो होतील. एक लिटर फोम जवळपास एक किलो पेलतो. म्हणजे १५० लिटर फोम नुसती होडी वर ठेवायलाच लागेल. माणसांना धरून राहता यावे म्हणून त्याच्या दुप्पट भरावा, आणि तोही दोन्ही बाजूंच्या कडांलगत वर भरावा. तळाशी भरला तर होडी पालथी तरंगते.

मग परीक्षा घ्यावी. कमरेइतक्या पाण्यात ५० किलोच्या वाळूच्या गोण्या बाकांवर ठेवाव्यात, दोन माणसांना तीन गोण्या या हिशेबाने. नंतर सर्व गोण्या एकाच बाजूला सरकवाव्यात. कड पाण्याला टेकू लागली तर माणसे कमी करावीत आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. जो आकडा उतरेल तो होडीवर ठळक रंगवावा.

कागदपत्रे

१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली आहे. यांत्रिक होडीला नोंदणी व तपासणी लागते, आणि बांधणीत बदल करायचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. राज्यात यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारणा करावी. जलाशयासाठी जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी, आणि नांदूरमधमेश्वरसारख्या अभयारण्यात वनखात्याची वेगळी. गंगापूरचे पाणी नाशिककरांच्या पिण्याचे आहे, तेव्हा तेथे तेल सांडणाऱ्या इंजिनाऐवजी विजेच्या मोटारीचा विचार करावा. परवानगी हाती येण्याआधी होडीच्या दुरुस्तीत पैसा अडकवू नये.

आमचा सल्ला

पहिले वर्ष होडीवर माणसे बसवू नयेत. मच्छीमार सहकारी संस्थेशी बोलून जाळी, मासळी, पिंजऱ्यांचे खाद्य यांची ने-आण करावी. उत्पन्न कमी मिळेल, पण धरणावरचा वारा आणि होडीचा स्वभाव दोन्ही कळतील. पुढे प्रवासी घेतले तर प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय दोर सोडू नये.

रविवारची गर्दी असेल, कर्जाचा हप्ता तोंडावर असेल, होडीवर दहाचा आकडा रंगवलेला असेल आणि काठावर चौदा जणांचे कुटुंब "एकाच फेरीत न्या" म्हणत उभे असेल. त्या वेळी चौघांना काठावर थांबवून दुसरी फेरी मारण्याची तयारी ज्याची असेल, त्यानेच हा धंदा करावा.