मोफत लस : वय कोणते, पैसा कोणाचा?


आपल्या देशात १९७८ साली लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला व १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. सार्वत्रिक म्हणजे जात, उत्पन्न वा रेशनकार्ड न पाहता प्रत्येक बालकासाठी. पुण्यात महानगरपालिकेच्या दवाखान्यांत व ससून रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

मोफत म्हणजे बिनपैशाची नव्हे. लस केंद्र सरकार विकत घेऊन राज्यांना पुरविते. ती टोचण्याची व्यवस्था राज्य व महानगरपालिका पाहतात. हा सर्व पैसा जनतेच्या करातून येतो. काडेपेटी घेणारा मजूरही कर भरतो. म्हणून लस हे दान नसून आपला हक्क आहे.

मात्र हक्कालाही मुदत असते. हिपॅटायटिस-बीचा जन्मडोस २४ तासांत, पोलिओचा १५ दिवसांत द्यावा लागतो. बीसीजी १ वर्षापर्यंतच मिळते. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस १ वर्षाच्या आत हवा. तो घेतला असेल तर उरलेले डोस नंतरही पूर्ण करता येतात. एकही घेतला नसेल तर ७ वर्षांपर्यंत डीपीटी मिळते. गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण होताच द्यावी. राहिल्यास ५ वर्षांपर्यंत देता येते.

तेव्हा "आता वय गेले" असे आपणच ठरवून घरी बसू नये. एका लसीची मुदत संपली तरी दुसरीची शिल्लक असते. कार्ड पासबुकासारखे जपावे. हरवले तरी दवाखान्यात जावे. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील राहिलेल्या बालकांची यादी करून पालकांना सोबत न्यावे. एवढे केले तरी मोठे काम होईल.