खिडकी तयार घे, शोध स्वतः लिही

चि. बाळ,

वाचनालयाच्या ग्रंथसूचीचं सॉफ्टवेअर करायला घेतलंस, वाचून फार आनंद झाला. पण खिडक्या, बटणं, मजकुराच्या चौकटी हे सगळं मुळापासून स्वतःच लिहायचं म्हणतोस, तिथे मी तुला अडवणार आहे. तयार फ्रेमवर्क घे. माझं मत विचारशील तर क्यूटी घे.

मजकुराची चौकट दिसते साधी. 'कि' लिहिलं की संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. त्यात जोडाक्षरं, रफार, कर्सर कुठे थांबावा, बॅकस्पेसने किती पुसावं. अक्षरांची ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिच्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि क्यूटी व जीटीके हे दुसरं फ्रेमवर्क, दोन्ही तिचाच आधार घेतात. शिवाय दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर बटण ओळखतो, ते फ्रेमवर्क त्याला सांगतं म्हणून. तू नुसतं रंगवलेलं बटण त्याच्यासाठी नसल्यातच जमा. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तयार फ्रेमवर्क घेईन.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रामने आपला इंटरफेस स्वतः रचला, हे खरं. पण त्रिमितीय चित्रं घडवणाऱ्याचे हात दिवसभर त्या पडद्यावर असतात. तुझ्या वाचकाला पुस्तक शोधून निघायचं आहे. तयार फ्रेमवर्कांपैकी इलेक्ट्रॉनचा मोह मात्र टाळ; त्यातला प्रत्येक प्रोग्राम अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत बाळगतो आणि जुन्या संगणकावर ते जड जातं.

फ्रेमवर्क घेतलं की त्याच्या बदलांमागे जावं लागतं, हेही मनात धर. जीटीकेचा जन्मच गिंप या चित्रसंपादन प्रोग्रामसाठी झाला. त्याची तिसरी आवृत्ती २०११ साली आली, आणि गिंप तिच्यावर पोहोचलं ते २०२५ मध्ये; तोवर चौथी येऊन चार वर्षं उलटली होती. क्यूटी ट्रोलटेक या मूळ कंपनीकडून २००८ मध्ये नोकियाकडे गेलं, २०१२ मध्ये डिजियाकडे. तरी त्याची मुक्त आवृत्ती टिकली, कारण क्यूटीवर उभ्या असलेल्या केडीई या मुक्त प्रकल्पाच्या मंडळींनी १९९८ मध्येच ट्रोलटेकशी करार करून ठेवला होता. निवडताना असा करार आणि परवाना आधी वाचावा, देखणे नमुने नंतर पाहावेत.

फ्रेमवर्क असं बदलत राहतं, म्हणून सूचीचा आणि शोधाचा कोड वेगळा ठेव. त्या फाइलींत क्यूटीचं नावही येऊ देऊ नकोस. तुझा जीव ओतायची जागा तीच. 'दऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र् नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. एका तऱ्हेने नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर सापडणारच नाही, आणि वाचक ते नाही असं समजून परत जाईल. नुसत्या युनिकोडच्या क्रमांकांवर यादी लावलीस तर ळ लगेच ल नंतर येईल. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे की अनुक्रमे क च्या आणि ज च्या शब्दांत, हे ग्रंथपालांना विचारूनच ठरव.

वाचनालयातल्या संगणकावर कोणतं विंडोज आहे, ते या आठवड्यात पाहून कळव. ७ असेल तर क्यूटी ६ त्यावर चालणार नाही, ५.१५ वरच काम करावं लागेल.

तुझा,
मामा