गीतातील नद्या आणि आपण

'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत नागपूरचे कवी राजा बढे यांनी लिहिले. श्रीनिवास खळे यांनी चाल दिली व शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात ते ध्वनिमुद्रित झाले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून त्यातील दोन कडवी महाराष्ट्राचे राज्यगीत आहेत. मध्यप्रदेशात राहून हे गीत आपले कसे? नकाशा पाहा. गीतातील रेवा म्हणजे अमरकंटकची नर्मदा. वरदा म्हणजे मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा. आपली वैनगंगा तिलाच मिळते आणि प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. नद्या सीमा मानत नाहीत, भाषाही मानत नाही. मात्र ती घरी बोलली तरच वाहती राहील, हे पालकांनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती.